ओस पडलेलं आणि ओस पाडलेलं



बुळकांडी हा शब्द आज या सभागृहात किती जणांना ओळखीचा असेल, सांगता येत नाही. खेड्यातून आलेल्या, साठीच्या पुढच्या मंडळींना तो आठवेल. गुराला ताप भरायचा, डोळ्यांतून धारा लागायच्या, तोंडात फोड यायचे, मग घाण वासाचे जुलाब सुरू व्हायचे, आणि आठवड्याभरात दावण मोकळी. मी पशुवैद्यक म्हणून माण-खटाव भागात रुजू झालो तेव्हा या एका रोगाची लस टोचत आम्ही वाडी-वस्ती पालथी घालायचो. भारतात बुळकांडीची शेवटची नोंद १९९५ सालची आहे. २०११ मध्ये ती साऱ्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा रोग, आणि त्या कामात माझ्याही हाताच्या काही हजार सुया आहेत याचा मला अभिमान वाटतो.

पूर्व आफ्रिकेतल्या मासाई गुराख्यांवर बोलायला उभा राहून मी सुरुवात बुळकांडीनं करतो आहे, कारण त्यांच्या जमिनीची गोष्ट या रोगापासूनच सुरू होते. ती जमीन पुढे कुणी कशी घेतली याचे करार आहेत, निवाडे आहेत, कायदे आहेत. पण त्या सगळ्यांच्या आधी एक रोग होऊन गेला होता. तो नीट समजला नाही, तर पुढच्या सव्वाशे वर्षांतलं काहीच नीट समजत नाही, असं माझं मत आहे.

१८८७-८८ च्या सुमारास इटालियन फौजेनं तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात जनावरं उतरवली. त्यांच्याबरोबर बुळकांडी आफ्रिकेच्या त्या टोकाला पोचली. ती जनावरं हिंदुस्थानातून आली होती असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे या रोगानं तेव्हा इतका उच्छाद मांडला होता, की गुरांच्या साथींचा अभ्यास करायला सरकारनं १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा काढली. तीच पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि आज देशातली सर्वांत मोठी पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. म्हणजे पुण्यात त्या रोगाचा अभ्यास नुकता सुरू होत होता, तेव्हा तोच रोग आफ्रिकेत दक्षिणेकडे सरकत होता. आपल्या गुरांत निदान काही पिढ्यांची प्रतिकारशक्ती होती. तिथल्या गुरांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता. १८९१ च्या आसपास तो मासाईंच्या कुरणांत शिरला आणि दहांतली नऊ गुरं गेली. त्याच्या आधी फुप्फुसाचा सांसर्गिक रोग येऊन गेला होता, मागोमाग माणसांत देवी आली. मासाई या काळाला 'एमुताई' म्हणतात. सगळं पुसून टाकणारा काळ, असा त्याचा अर्थ.

ऑस्कार बाउमान नावाचा ऑस्ट्रियन प्रवासी १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या न्गोरोंगोरोतून गेला. हाडांचे सापळे झालेल्या बाया, उठून उभं राहण्याचं त्राण नसलेले पुरुष, गुरं मेल्यावर त्यांची कातडी खाऊन दिवस काढणारी माणसं त्यानं पाहिली. दोनतृतीयांश मासाई या काळात मेले असावेत, असा त्याचा अंदाज होता. दुधावर जगणाऱ्या माणसाची गाय मेली की त्याच्या घरातलं पीक, कोठार आणि बियाणं एकाच दिवशी संपतं. दुष्काळात आपला शेतकरी निदान पुढच्या पावसाची वाट बघू शकतो. मेलेल्या कळपाला पाऊस काही करू शकत नाही.

आता तारखा पाहा. १८९५ मध्ये ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेचा संरक्षित मुलूख जाहीर केला. १८९६ मध्ये मोंबासाहून रेल्वेचं काम सुरू झालं आणि हिंदुस्थानी मजुरांच्या हातांनी ते रूळ १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. वाटेत मासाईंच्या एका पाणवठ्यावर मुक्काम पडला. त्या जागेचं मासाई नाव होतं 'एन्कारे न्यिरोबी', म्हणजे थंड पाणी. आजचं नैरोबी शहर ते हेच. त्या गाडीच्या खिडकीतून जे गोरे बाहेर पाहत होते, त्यांना दिसलं ते नजर पोचेल तिथवर गवत, भरपूर हरणं, झेब्रे, आणि माणूस-गुरं जवळजवळ नाहीत. त्यांनी लिहून ठेवलं: ही जमीन रिकामी आहे. डोळ्यांना दिसलं ते खोटं नव्हतं. पण दहा वर्षांपूर्वी त्याच गवतावर लाखो गुरं चरत होती. साथीनंतर ओस पडलेल्या गावात कुणी पाहुणा यावा, उघडी दारं पाहून हे घर बेवारशी आहे असं म्हणावं आणि आपलं कुलूप लावावं, तसं हे झालं.

कुलूप लावायला कायदा लागतो. रेल्वेसाठी जमीन घ्यायला ब्रिटिशांनी तिथे जो कायदा लागू केला, तो आपल्या ओळखीचा आहे. १८९४ चा हिंदुस्थानातला भूसंपादन कायदा. मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी याच कायद्याखाली गेल्या, ज्यांच्यासाठी सेनापती बापट १९२१ पासून लढले. आपल्याकडे हा कायदा २०१३ सालच्या नव्या कायद्यापर्यंत टिकला, हेही लक्षात ठेवा. मोठं काम मात्र दुसऱ्याच मार्गानं झालं. १८९९ च्या अखेरीस लंडनच्या विधी अधिकाऱ्यांनी मत दिलं, की जिथे स्थिर राज्यव्यवस्था नाही अशा संरक्षित मुलखातली पडीक आणि वहिवाट नसलेली जमीन राजसत्तेला आपली म्हणून वाटता येईल. १९०२ मध्ये तसा वटहुकूम निघाला. पडीक आणि बिनवहिवाटीची, या दोन शब्दांवर थोडं थांबा. नांगर लागला नाही, कुंपण पडलं नाही, वर्षातले आठ महिने तिथे कुणी दिसत नाही, म्हणून ती पडीक. पण गुराख्याच्या हिशेबात ते आठ महिने म्हणजेच जमिनीचा वापर असतो. गवत वाढू देणं हे त्याचं काम आहे. तिथून निघून जाणं हीच त्याची मशागत.

पुढचा इतिहास मी भराभर सांगतो. १९०३ मध्ये लॉर्ड डेलामीअर या गोऱ्या वसाहतकाराला न्जोरोला १ लाख एकर मिळाले. १९०४ मध्ये मासाईंशी करार झाला. रिफ्ट खोऱ्यातली नैवाशा-नाकुरूकडची सुपीक कुरणं त्यांनी सोडायची आणि दोन राखीव भागांत जायचं, एक उत्तरेला लाइकिपियात, दुसरा रेल्वेच्या दक्षिणेला. हा बंदोबस्त मासाई जमात पृथ्वीवर आहे तोवर टिकेल, असं करारात लिहिलं होतं. दोन्ही भाग जोडणारी अर्धा मैल रुंदीची वाट मोकळी ठेवण्याचं वचनही होतं. ती वाट कधीच मिळाली नाही. मला या सगळ्या करारात त्या अर्ध्या मैलाचं सर्वांत वाईट वाटतं. ज्यानं ते कलम घालून घेतलं त्या माणसाला गुरं कळत होती. जमीन कमी असली तरी चालेल, पण सरकायला वाट हवी, हे त्याला ठाऊक होतं.

मासाई जमात पृथ्वीवर होती, पण बंदोबस्त सातच वर्षं टिकला. १९११ मध्ये दुसरा करार झाला आणि लाइकिपियाही सोडायला लावली. धर्मप्रमुख ओलोनाना, ज्याला इंग्रज लेनाना म्हणत, त्याच वर्षी वारला होता. उत्तरेच्या लोकांनी दक्षिणेला जावं ही त्याची शेवटची इच्छा होती, असं अधिकारी सांगत राहिले. मरत्या माणसाच्या तोंडी सोयीचे शब्द घातले गेले असावेत, असं मला वाटतं. माऊच्या डोंगरावरून थंडीपावसात माणसं आणि कळप हाकले गेले. वाटेत इतकी जनावरं आणि माणसं दगावली, की पहिला प्रयत्न अर्ध्यावर थांबवावा लागला. पुढे पुन्हा हाकललं. जिथे पोचले तिथे गोचिडांमुळे येणारा 'ईस्ट कोस्ट फीव्हर' होता, काही भागांत त्सेत्से माशी होती. लाइकिपियाच्या उंच, कोरड्या हवेत वाढलेल्या गुरांना ही हवा म्हणजे दुसरी साथच होती.

तरी ते कोर्टात गेले. १९१३ साली, लिहिता-वाचता न येणारे गुराखी, त्यांचा म्होरक्या पारसालोई ओले गिलिशो, आणि पाठीशी नॉर्मन लेज नावाचा एक गोरा सरकारी डॉक्टर. या मदतीपायी त्या डॉक्टरला बदलीची शिक्षा झाली. मासाईंचं म्हणणं साधं होतं. १९०४ चा करार पाळा, लाइकिपिया परत द्या, मेलेल्या गुरांची भरपाई द्या. कोर्टानं दावा ऐकून घ्यायलाच नकार दिला. मासाई हे ब्रिटिश प्रजाजन नाहीत, हे करार म्हणजे दोन सार्वभौम सत्तांमधले तह आहेत, आणि तहाचा भंग झाला की नाही हे देशांतर्गत न्यायालय पाहू शकत नाही. या निकालाची रचना नीट पाहा. जमीन घेताना मासाईंना राज्य नव्हतं, म्हणून जमीन पडीक. जमीन परत मागताना मासाई सार्वभौम, म्हणून कोर्टाबाहेर. निम्म्याहून अधिक मुलूख असा हातातून गेला. २००४ मध्ये, करार होऊन शंभर वर्षं भरली तेव्हा, त्यांचे नातू-पणतू लाइकिपियाच्या कुंपणांपर्यंत गुरं घेऊन गेले. पोलिसांनी त्यांना परतवलं.

आतापर्यंतची हकीकत आजच्या केनियातली. आता सीमेच्या पलीकडे, टांझानियात येतो. मी जे डोळ्यांनी पाहिलं ते तिथलं.

२०१८ च्या फेब्रुवारीत मी न्गोरोंगोरोच्या डोंगराळ भागात, नाइनोकानोकाच्या बाजूला काही दिवस होतो. निवृत्तीनंतर एका परिचितामुळे ही संधी आली. ज्या वस्तीवर उतरलो तिथले यजमान सत्तरीच्या घरातले होते. मी पोचलो तर पोरं एकेक करून समोर आली आणि मान खाली घालून उभी राहिली. मला काही कळेना. दुभाष्यानं सांगितलं, डोक्यावर हात ठेवा. आपल्याकडे लहान मूल पाया पडतं तसंच ते. अकरा डोक्यांवर हात ठेवून झाला, मग आत जायला मिळालं.

वस्ती म्हणजे बाभळीच्या काट्यांची गोल वई, तिच्या आतून घरं, मधोमध गुरांची जागा. घरं बायकांनी बांधलेली. काठ्यांचा सांगाडा, वर शेण-माती लिंपलेली. घर बायकोचं, असंच तिथे म्हणतात. पहाटे दूध काढायला बायकाच बसल्या. वासरू आधी सोडायचं, गाय पान्हवली की त्याला बाजूला धरायचं, दोन सड आपल्याला, दोन त्याला. दूध ठेवायला भोपळ्याचे लांबट तुंबे होते. ते धुताना पाहिले आणि मी नोकरीभर सांगत आलेली स्वच्छतेची सगळी व्याख्यानं आठवली. रानटी ऑलिव्हची काटकी पेटवून तिचा निखारा तुंब्यात टाकायचा, तोंड बंद करून खळखळ हलवायचा, मग लांब काठीच्या ब्रशानं आतली राख घासून काढायची. धुरानं आतलं जंतूंचं काम संपतं, दूध दिवसभर टिकतं आणि त्याला एक चव येते. ती चव पहिल्या घोटाला कडवट लागली. तिसऱ्या दिवशी त्याशिवाय दूध नको वाटलं.

संध्याकाळी गुरं परत आली तेव्हा यजमान वईच्या दाराशी उभे राहिले. मोजत नव्हते. मी विचारलं, किती आहेत? त्यांनी उत्तर दिलं नाही. नुसतं बघत राहिले आणि मग दुभाष्याला म्हणाले, कपाळावर पांढरं असलेली, कान फाटलेली ती मागे राहिली आहे. एक पोरगा लगेच पळाला. माणदेशात मेंढरांच्या वाड्यावर मी हेच पाहिलं होतं. आकडा विचारला की बाई म्हणायची, आकडा कशाला, सगळी आहेत. मासाई भाषेत गुरांच्या रंगाला आणि ठिपक्यांना इतके शब्द आहेत, की दोन गायींत गोंधळ होण्याची सोय राहत नाही.

पण मला सांगायची आहे ती दुसरी गोष्ट. फेब्रुवारीत खाली सेरेंगेटीच्या सपाटीवर सर्वांत उत्तम गवत असतं. ज्वालामुखीच्या राखेची ती माती, चुन्यानं आणि खनिजांनी भरलेली. दुभत्या गाईला याहून चांगला चारा नाही. आणि नेमक्या या महिन्यांत माझ्या यजमानांची गुरं थंड, धुक्याच्या डोंगरावर होती. का? कारण खाली वाइल्डबीस्टच्या माद्या व्यात होत्या. काही आठवड्यांत लाखो पाडसं जमिनीवर पडतात. त्या पाडसांच्या नाका-डोळ्यांच्या स्रावातून एक विषाणू पसरतो. पाडसांना त्यानं काही होत नाही. गाईला झाला तर डोळे पांढरे पडतात, ताप चढतो आणि बहुतेक वेळा ती मरते. वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्यकानं केनियात १९६० मध्ये तो विषाणू वेगळा करून दाखवला. मासाई त्याच्या कितीतरी आधीपासून व्यायच्या मोसमात कळप वर घेऊन जात आले. वाइल्डबीस्टची वार पडते तिथून रोग येतो, असं ते म्हणतात. कारण थोडं चुकलं, उपाय अचूक होता. म्हणजे वर्षातला सर्वांत चांगला चारा हे लोक जंगली जनावरांसाठी सोडून देतात आणि पाडसं मोठी झाली की खाली उतरतात. जंगलाच्या आणि गुरांच्या वेळा वाटून घेण्याची ही रीत कुठल्याही व्यवस्थापन आराखड्यात लिहिलेली नव्हती. ती पायांत होती.

'सेरेंगेटी' हे नावही मासाई आहे, 'सिरिंगेत', न संपणारं मैदान. १९५१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे काही वर्षांनी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल विमानातून जनावरांची गणती करत होते. १९५९ च्या जानेवारीत विमान कोसळून तो तरुण मुलगा गेला. न्गोरोंगोरोच्या कड्यावर त्याची समाधी आहे. वडिलांनी त्याच वर्षी 'सेरेंगेटी मरता कामा नये' या नावाचं पुस्तक आणि चित्रपट काढला, चित्रपटाला ऑस्कर मिळालं. पुत्रशोकात बुडालेल्या त्या माणसाच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण राष्ट्रीय उद्यानात माणूस नको, तिथला मूळ माणूसही नको, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि जगानं ते उचलून धरलं. १९५८ मध्ये बारा मासाई वडीलधाऱ्यांकडून कागदावर खुणा घेतल्या गेल्या आणि १९५९ मध्ये सेरेंगेटीतले मासाई न्गोरोंगोरोत आले. बदल्यात न्गोरोंगोरोचं ८,२९२ चौरस किलोमीटरचं क्षेत्र असं ठरलं, जिथे माणूस, गुरं आणि वन्यजीव एकत्र राहतील. गव्हर्नर टर्नबुल यांनी मासाई परिषदेपुढे शब्द दिला होता, की माणूस आणि वन्यजीव यांच्या हितात तंटा उभा राहिला तर मासाईंचं हित आधी पाहिलं जाईल.

माझे यजमान तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. मोरूच्या खडकांपाशी त्यांचं घर होतं. त्या खडकांवर मासाई तरुणांनी रंगवलेल्या ढाली आजही आहेत, आणि पर्यटकांना त्या दाखवल्या जातात. ते म्हणाले, आम्ही वासरं घेऊन चाललो होतो आणि मला वाटलं, पावसानंतर परत येऊ. नेहमी तसंच असायचं.

इथे मला पुन्हा माझ्या विषयाकडे यावं लागतं. १९६१ मध्ये सेरेंगेटीत वाइल्डबीस्ट सुमारे अडीच लाख होते. १९७७ पर्यंत ते तेरा लाखांच्या घरात गेले. ही वाढ उद्यानाच्या सीमा आखल्यानं झाली असं पुष्कळांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे. ज्या प्लोराइटांचं नाव मी आत्ता घेतलं, त्यांनीच बुळकांडीची स्वस्त आणि खात्रीची लस तयार केली. पन्नाशीच्या दशकापासून उद्यानाभोवतीच्या गुरांना लस टोचली गेली आणि १९६३ पर्यंत वाइल्डबीस्टमधूनही रोग नाहीसा झाला. एकाही वाइल्डबीस्टला सुई टोचलेली नव्हती. मासाईंची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची गुरं बरी झाली, म्हणून जंगल बरं झालं. आज जगभरातले लोक जो महास्थलांतराचा देखावा बघायला जातात, तो गुराख्यांनी आपल्या गाई धरून उभ्या केल्या आणि टोचून घेतल्या म्हणून दिसतो आहे. एक पशुवैद्यक म्हणून ही गोष्ट मला या व्याख्यानातली सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांना जंगलाचे शत्रू म्हणून बाहेर काढलं, त्यांच्या दावणीतून जंगलाचं आरोग्य परत आलं.

न्गोरोंगोरोत दिलेला शब्द हळूहळू झिजत गेला. १९७४ मध्ये तिथल्या ज्वालामुखी विवराच्या तळाशी राहणाऱ्या कुटुंबांना बाहेर काढलं. १९७५ मध्ये शेतीवर बंदी आली, १९९२ मध्ये थोडी सैल झाली, २००९ मध्ये पुन्हा आवळली. अलीकडे विवरातल्या खारट मातीपर्यंत गुरं नेणंही बंद झालं. ती माती गुरं चाटतात, क्षारांची गरज भागते. इकडे विवराच्या कड्यावर हॉटेलं उभी आहेत. सरकारचं म्हणणं असं, की १९५९ मध्ये तिथे आठ हजार माणसं होती, आता लाखाच्या जवळ आहेत, निसर्गाला हा भार सोसत नाही. हे म्हणणं मी झटकून टाकणार नाही. माणसं वाढली आहेत, आणि माणशी गुरं इतकी कमी झाली आहेत, की नुसत्या दुधावर कुणाचंच भागत नाही. त्या वस्तीवर मी मक्याची लापशीच जास्त खाल्ली, आणि तो मका बाजारातून आलेला होता. पण सेरेंगेटीचं कुरण काढून घ्यायचं, विवर काढून घ्यायचं, शेती करू द्यायची नाही, आणि मग दारिद्र्य दाखवून राहिलेली जागाही सोडा म्हणायचं, याला मी संवर्धन म्हणू शकत नाही. २०२२ पासून तिथल्या कुटुंबांना सुमारे सहाशे किलोमीटरवर, हांदेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा गावी हलवलं जातं आहे. जाणं ऐच्छिक आहे, असं सरकार सांगतं. राहणारे सांगतात, की दवाखाने आणि शाळा यांचा पैसा आटवला की ऐच्छिक हा शब्द उरत नाही.

न्गोरोंगोरोच्या उत्तरेला लोलियोंदो आहे. तिथली जमीन गावांची, टांझानियाच्या १९९९ च्या ग्रामभूमी कायद्यानं गावाच्या ताब्यातली. तरी १९९२ पासून संयुक्त अरब अमिरातीतल्या एका शिकार कंपनीला तिथे परवाना होता. २००९ मध्ये वस्त्या जाळल्या गेल्या, २०१७ मध्ये पुन्हा. जून २०२२ मध्ये १,५०० चौरस किलोमीटरला वन्यजीव क्षेत्र म्हणून हद्दीचे खांब रोवायला पोलीस आले. लोक आडवे आले, गोळीबार झाला, माणसं जखमी झाली, एक पोलीस बाणानं मारला गेला. हजारो लोक सीमा ओलांडून केनियात पळाले. गावपुढाऱ्यांवर खुनाचे आरोप ठेवले आणि काही महिन्यांनी मागे घेतले. ओलोलोसोक्वान, ओलोइरिएन, किर्तालो आणि अराश या चार गावांचा खटला पूर्व आफ्रिकी न्यायालयात २०१७ पासून चालू होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तो फेटाळला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अपील खंडपीठानं तो निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. १९१३ साली ज्यांना दारातून परत पाठवलं, त्यांच्याच जमातीतल्या लोकांचं म्हणणं निदान ऐकून घेतलं जातं आहे, एवढा फरक शंभर वर्षांत पडला.

मग उपाय काय? प्रत्येकाला सातबारा द्या, असं आपल्याकडे चटकन सुचतं. केनियात ते होऊन गेलं आहे. १९६८ च्या कायद्यानं मासाईंना सामूहिक रँच मिळाले, पुढे त्यांचे वाटे पडले. प्रत्येकाच्या नावावर तुकडा आला, तुकड्याभोवती तार आली, दुष्काळ आला की तुकडा विकला गेला. नैरोबीच्या उद्यानातली जंगली जनावरं पावसाळ्यात दक्षिणेला कितेंगेलाकडे ज्या वाटेनं बाहेर पडत, तिथे आज घरं आणि कुंपणं आहेत. कागद हातात असूनही कुरण गेलं. गवताचं गणित तुकड्यात बसत नाही. पाऊस कुठे पडेल हे गुराख्याला ठाऊक नसतं, म्हणून त्याला पाऊस पडेल तिकडे जाण्याचा हक्क लागतो. टांझानियातल्या सिमांजिरोचे एडवर्ड लौरे यांनी हेच ओळखलं. तारांगिरे उद्यान झालं तेव्हा त्यांचं स्वतःचं कुटुंब बाहेर काढलं गेलं होतं. त्यांच्या संस्थेनं पारंपरिक वहिवाटीचा दाखला एकेका माणसाऐवजी पूर्ण समूहाच्या नावानं काढायला सुरुवात केली. २ लाख एकरांहून जास्त कुरण अशा रीतीनं सुरक्षित झालं, आणि २०१६ मध्ये त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. मला ही वाट पटते. त्यात विकायला कुणाच्या नावावर काही नसतं आणि पडीक म्हणून उचलायला सरकारला काही सापडत नाही.

शेवटच्या संध्याकाळी माझ्या यजमानांनी मला विचारलं, तुमच्याकडे आमच्यासारखे लोक आहेत का? मी धनगरांचं सांगितलं. दिवाळी झाली की घोड्यांवर बिऱ्हाड टाकून घाट उतरतात, कोकणात जातात, पावसाच्या तोंडाला परत येतात. ते म्हणाले, खालच्या लोकांच्या जमिनीवर कसे राहू देतात? मी म्हणालो, शेतकरीच बोलावतात, रात्री शेतात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखताचं धान्य नाहीतर पैसे देतात. हे ऐकून त्यांना बरं वाटलं, दोनदा मान हलवली. मग विचारलं, आणि वाटेचं काय? वाटेत जंगल लागत असेल. मी सांगितलं, लागतं. जुन्या वाटांवर आता चराईबंदी आहे, झाडं लावली आहेत, काही ठिकाणी कारखाने आले आहेत, दंड होतो, कधी मारही बसतो. त्यांनी जरा वेळ काही विचारलं नाही. मग दुभाष्याकडे वळून एकच वाक्य बोलले. दुभाष्यानं सांगितलं, ते विचारताहेत, त्या वाटेचा काही कागद आहे का त्या लोकांकडे?

मी म्हणालो, नाही.

ते उठले. कपाळावर पांढरं असलेली गाय दारात आली होती आणि पोरगा तिच्या मागे बाभळीची फांदी ओढून दार बंद करत होता. फांदी जड होती. म्हातारा पुढे झाला आणि दुसरं टोक त्यानं उचललं.